फिके ताट आणि सॅमनचा वाडगा

घरातील वृद्ध माणसाचे ताट एकदा नीट पाहा. गुरगुट्या भात, पाणी सढळ हाताने घातलेले वरण, बिनतिखटाची दुधीची भाजी आणि कडेला ताकाची वाटी. ताटात रंग असतो तो फक्त हळदीचा. हे ताट मायेने वाढलेले असते, यात मला शंका नाही. सोसवेल ना, पचेल ना, रात्री जळजळणार तर नाही, या काळजीपोटी एकेक पदार्थ वगळला जातो आणि शेवटी ताटात पथ्यच तेवढे उरते. आम्हा डॉक्टर मंडळींचाही त्यात वाटा असतो. ‘तिखट जरा कमी करा’ हे आमचे चार शब्द घरात ‘तिखट कायमचे बंद’ होऊन बसतात आणि ते पुन्हा कधी सुरू करायचे, हे कोणी सांगत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबातील अण्णांचे वय ७९. सहा महिन्यांत त्यांचे वजन ५८ किलोवरून ५२ किलोवर आले. वृद्ध माणसाचे वजन सहा ते बारा महिन्यांत, कोणतेही प्रयत्न न करता, पाच टक्क्यांहून अधिक घटले तर ती धोक्याची खूण समजावी. ‘वय झालं, आता खाणं कमीच होणार’ म्हणून ते सोडून देऊ नये. अण्णांच्या सर्व तपासण्या करून घेतल्या. रक्त, थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, कुठेही बोट ठेवण्यासारखे सापडले नाही. मग मी त्यांना एकट्याला विचारले, ‘अण्णा, भूक लागत नाही का?’ ते म्हणाले, ‘भूक लागते हो डॉक्टर. पण ताट समोर आलं की औषध घेतल्यासारखं दोन घास गिळतो.’ मालवणकडचा माणूस, उभे आयुष्य मासळी खाल्लेला. बारा वर्षांपूर्वी आम्लपित्तासाठी कोणीतरी तिखट बंद करायला सांगितले होते आणि पुढे काट्यांच्या भीतीने मासेही बंद झाले होते.

उतारवयात जेवणाची गोडी का जाते, हे तुम्ही समजून घेतले पाहिजे. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग खरे तर वास असतो आणि वयाबरोबर घ्राणशक्ती हळूहळू मंदावते. वरच्या जबड्याची पूर्ण कवळी टाळू झाकून टाकते. त्यामुळे घासाचा स्पर्श आणि त्याची ऊब नीट कळत नाही. त्यात गोळ्यांची भर पडते. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी चव बदलते, लघवीच्या तक्रारीवरच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते. अशा जिभेपुढे फिके वरण म्हणजे कोमट पाणीच. तिखटपणा मात्र ही चवच नव्हे. मिरचीतील कॅप्सेसिन तोंडातील उष्णता आणि वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंना चाळवते, म्हणून वास कमी झालेल्या माणसालाही मिरची जाणवते. आंबटपणाने लाळ सुटते. ‘तोंडाला पाणी सुटणे’ हा शब्दप्रयोग शरीरशास्त्रालाही मान्य आहे.

मिरचीने पोटात व्रण होतात, हा समज जुना आहे. जठरातील व्रणांची दोन प्रमुख कारणे म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि गुडघेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. घरात मिरची बंद आणि वेदनाशामक गोळी रोज सुरू, असे उलटे गणित मी अनेकदा पाहतो. ज्यांना छातीत जळजळीचा त्रास खरोखर आहे, त्यांना तिखटाने तो वाढू शकतो, हे खरे. त्यांनी मिरचीऐवजी आले, लिंबू आणि कोथिंबीर यांवर भागवावे. बाकीच्यांनी ताटातून आधी कमी करायचे ते मीठ.

अण्णांची नात पुण्यात नोकरी करते. एका शनिवारी तिने येताना सॅमनचे गोठवलेले पाकीट आणले आणि तरुण मंडळी हल्ली ज्याला ‘बोल’ म्हणतात तो तिखट सॅमन-भाताचा वाडगा आजोबांसाठी केला. अण्णांनी विचारले, ‘रावस का?’ वाडगा मात्र त्यांनी संपवला आणि चमच्याने तळ खरवडला. दुसऱ्या दिवशी सूनबाईंचा मला फोन आला, तोही काळजीचा : ‘डॉक्टर, एवढं तिखट खाल्लंय, काही होणार नाही ना?’ काही झाले नाही. मात्र मी कृती विचारून घेतली, तिच्यात चार बदल सुचवले आणि आता ती अनेक घरांना सांगतो.

अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण दोघांचे नाते केवळ नावापुरते आहे. आपल्याकडे मिळणारा अटलांटिक सॅमन बहुतेक नॉर्वेसारख्या थंड देशांतील मत्स्यशेतीतून गोठवून येतो. शंभर ग्रॅम सॅमनमध्ये सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर असतात आणि अन्नातून क्वचितच मिळणारे ‘ड’ जीवनसत्त्वही असते. पातळ वरणाच्या वाटीतून जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. वृद्धांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. ती मिळाली नाहीत तर मांड्यांचे स्नायू झडतात, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात आणि पुढचा टप्पा पडण्याचा असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हा आकडा आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

आता कृती, दोन माणसांसाठी. काटे काढलेला सॅमन २०० ग्रॅम घ्यावा. पाकीट आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या खणात ठेवावे, पण निर्वात बंद पाकीट असेल तर ते उघडून, ताटलीत झाकून. सकाळी तुकडा कापण्यापूर्वी त्याच्या जाड भागावरून बोट उलटसुलट फिरवा. ‘बोनलेस’ लिहिलेले असले तरी तिथे बारीक काट्यांची एक रांग उरलेली असू शकते. काटा लागला तर स्वच्छ चिमट्याने, ज्या दिशेला तो कललेला आहे त्याच दिशेला ओढा. हे काम चष्मा लावून, उजेडात बसून आणि घाई नसताना करावे. कवळी लावणाऱ्या माणसाला काटा टाळूला जाणवत नाही, तो थेट घशात जातो. साल काढून टाका आणि माशाचे पाऊण इंचाचे तुकडे करा.

तुकड्यांना एक चमचा काश्मिरी मिरचीपूड, अर्धा चमचा आले-लसणाचे वाटण, पाव चमचा हळद, चिमूटभर गूळ, एका लिंबाचा अर्धा रस आणि सपाट पाव चमचा मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवा. काश्मिरी किंवा ब्याडगी मिरची घ्या. रंग भरपूर आणि जहालपणा बेताचा. कोकणातल्या घरांनी लिंबाऐवजी कोकमाचे आगळ वापरले तर उत्तमच, पण आगळात मीठ असते हे लक्षात घेऊन वरचे मीठ वगळावे. तव्यावर चमचाभर तेल पुरते, कारण हा मासा स्वतःच स्निग्ध आहे. मध्यम आचेवर उलटून-पालटून पाच-सहा मिनिटे परता. आतला भाग चकचकीत राहिला नाही आणि काट्याने दाबल्यावर पाकळ्या सुटू लागल्या की झाले. वर पांढरे काही दिसले तर घाबरू नका, ते माशातलेच प्रथिन असते.

मूळ कृतीत सोया सॉस होता. एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून अधिक मीठ जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमची आहे. ज्यांच्या पायांवर सूज आहे, हृदय अशक्त आहे, त्यांच्यासाठी हा चमचा मिरचीपेक्षा कितीतरी घातक. म्हणून तो मी काढून टाकला. ‘लो सोडियम’ मीठ हा पर्याय वाटतो खरा, पण त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. तयार मेयोनीजच्या जागी तीन चमचे चक्का, भिजवलेली एक ब्याडगी मिरची आणि लसणाची एक पाकळी वाटून घ्या. माशाबरोबर दही म्हणताच अनेक घरांत भुवया उंचावतील. बंगालमध्ये ‘दोई माछ’ पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाते आणि आधुनिक वैद्यकात या जोडीला मनाई नाही. तरीही मनात किंतु असेल तर घासाची गोडी जाते, म्हणून नारळाचे दाट दूध घ्या. कॅप्सेसिन पाण्यात नव्हे, स्निग्धात विरघळते. त्यामुळे नारळाचे दूध तिखटाची धार आपोआप बोथट करते.

तांदूळ इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घ्यावा. मोकळा फडफडीत बासमती इथे नको. दाणा दाण्याला धरून राहिला की घास चमच्यावर टिकतो, हात थरथरत असला तरी सांडत नाही आणि घशात दाणे विखुरत नाहीत. वाडग्यात एक वाटी गरम भात, त्यावर मासा हाताने कुस्करून (काट्यांची ही दुसरी तपासणी), शेजारी किसून पिळलेली काकडी, वाफवलेले गाजर किंवा लाल भोपळा आणि वरून ते वाटण व कोथिंबीर. मधुमेह असेल तर भात अर्धी वाटी आणि पहिले चार घास मासा-भाजीचे.

दुकानात किंवा समाजमाध्यमांवर तुम्हाला कच्च्या सॅमनचे वाडगेही दिसतील. हवाई बेटांवरचा ‘पोके’ कच्च्या माशाचा असतो. जपानमध्येही कच्चा सॅमन खाण्याची चाल मोठी प्राचीन नाही. नॉर्वेच्या मत्स्यव्यवसायाने १९८० च्या दशकात प्रयत्नपूर्वक ती रुजवली. तरुणांनी काय करावे, ते त्यांचे त्यांनी ठरवावे. साठी ओलांडलेल्यांनी कच्चा मासा आणि पाकिटातील थंड धुरावलेला सॅमन, दोन्ही टाळावे. गोठवल्याने परजीवी मरतात, जिवाणू मरतीलच असे नाही आणि धुरावलेल्या सॅमनमध्ये मीठही फार असते.

सॅमन महाग आहे, महिन्यातून एखाद्या वेळीच परवडेल. बाकीच्या वेळी हाच वाडगा सुरमईचा करावा. मधला काटा काढला की तिचे मांस स्वच्छ सुटते. ओमेगा-३ साठी बांगडा आणि तारली सॅमनच्या पंगतीला बसतात, तेही कितीतरी कमी पैशांत. मात्र त्यांचे काटे काढायला घरात सवडीचा माणूस हवा. बांगडा वाफवून, गार करून, बोटांनी पाकळी-पाकळी सोडवावा. तो बाजारातून आणल्यावर ओट्यावर पडू देऊ नका. उबेत राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. रोहू-कटला चवीला चांगले, पण त्यांचे मांसात रुतलेले दुहेरी काटे वृद्धांसाठी नकोत.

ज्यांना पक्षाघात होऊन गेला आहे, कंपवात आहे किंवा पाणी पितानाही ठसका लागतो, त्यांना हा वाडगा देण्यापूर्वी गिळण्याची तपासणी करून घ्या. जेवताना पाठ सरळ हवी आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ नये. घशात काटा अडकल्यासारखे वाटले तर केळे किंवा भाताचा गोळा गिळायला लावण्याची जुनी युक्ती करू नका. काटा त्याने अधिक खोल रुततो. थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. गाऊटच्या रुग्णांनी माशाचे प्रमाण आमच्याशी बोलून ठरवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर ताटातला मासा चालतो, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नकोत.

उरलेला भात कुकरमध्ये रात्रभर ठेवण्याची सवय असेल तर ती मोडा. शिजलेल्या भातातही बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू तग धरून असतात आणि उबदार भातात ते जे विष तयार करतात, ते पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. भात पसरट भांड्यात काढून, तास-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत तापवून संपवावा. मासा उरवूच नये.

अण्णांचे वजन तीन महिन्यांत ५४ किलो झाले. एका वाडग्याने हे घडले, असे मी म्हणणार नाही. सूनबाईंनी त्यानंतर वरणाला फोडणी द्यायला सुरुवात केली, ताटात आठवड्यातून दोनदा मासा आणि बाकीच्या दिवशी अंडे आले. अण्णा आता स्वतः मासळीबाजारात जाऊन सुरमईचे कल्ले उघडून पाहतात.

मासे न खाणाऱ्या घरांनी हेच मसाले १०० ग्रॅम पनीरला लावावेत. त्यातूनही सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी वरून भुरभुरावी. जवसातील ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीर त्यातले थोडेच माशातल्या प्रकारात बदलते, पण थोडे तरी पदरात पडते. जवस मात्र भाजून बारीक दळलेले हवे. अख्खे दाणे न पचता तसेच बाहेर पडतात, आणि कवळीखाली अडकून सबंध दुपार माणसाला हैराण करतात ते वेगळेच.