लाजाळू मुलीच्या हातातली प्रेमकथा

ज्यांची मुलं घडाघडा बोलतात त्यांनी ही पोस्ट सोडून दिली तरी चालेल. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, जरा लांबली आहे.

गेल्या वीकेंडला आम्ही चार मराठी कुटुंबांनी मिळून खैरानला शॅले घेतलं होतं. कुवेतबाहेरच्यांसाठी सांगते, खैरान म्हणजे देशाच्या पार दक्षिणेला, सौदीच्या सीमेअलीकडे. वाळवंट खणून समुद्राचं पाणी आत आणलंय आणि त्या कालव्यांच्या काठाने घरं. गुरुवारी संध्याकाळी मंगफहून निघायचं, शनिवारी परत. मिसळ, पत्ते, अंताक्षरी. आणि माझी पंधरा वर्षांची लेक कोपऱ्यातल्या खुर्चीत, पुस्तकात डोकं घालून.

पुस्तक जेनी हानचं, 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ड बिफोर'. नाव वाचून एका मैत्रिणीने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी घाईघाईने नेहमीचं वाक्य टाकलं, "ती जरा लाजाळू आहे गं, फारशी बोलत नाही." लेकीच्या समोरच.

रात्री सगळे झोपल्यावर ते पुस्तक टेबलावर दिसलं आणि मी उचललं. हो, तपासायलाच. सीए आहे, व्हाउचर बघितल्याशिवाय झोप येत नाही.

नायिका लारा जीन. आई कोरियन वंशाची, ती वारलेली. वडील गोरे अमेरिकन. मुलगी घरात रमणारी, केक-बिस्किटं करणारी, गाडी चालवायला घाबरणारी. ज्या मुलावर मन बसेल त्याला पत्र लिहायचं आणि न पाठवता आईने दिलेल्या टोपीच्या डब्यात ठेवून द्यायचं, हा तिचा उपाय. एक दिवस ती पत्रं खरंच पोस्टात पडतात आणि गोंधळ सुरू होतो. पुस्तक २०१४चं, २०१८ला त्यावर नेटफ्लिक्सचा सिनेमा आला. लेखिकेने नंतर सांगितलंय की बहुतेक निर्मात्यांना नायिका गोरीच हवी होती. ती अडून बसली. आपल्या मुलांना हे पुस्तक जवळचं का वाटतं, ते मला इथे जरा कळलं.

मला भीती होती तसं त्यात फारसं काही सापडलं नाही. सापडला तो मधे घडी करून ठेवलेला एक कागद. छातीत धस्स झालं. म्हटलं, आलं पत्र!

पत्र नव्हतं. मराठी वाक्यं होती, इंग्रजी अक्षरांत. "हो काकू, दहावी." "नाही, अजून ठरलं नाही, बहुतेक कॉमर्स." "मिसळ छान झालीय." "मला पत्ते येत नाहीत, पण मी बघते." पोरीने ट्रिपला निघायच्या आधी उत्तरं लिहून आणली होती. शेवटच्या वाक्यापुढे टिकमार्क होता. म्हणजे ते वापरून झालं होतं.

मी बराच वेळ बाहेर पाण्याकडे बघत बसले. कारण आर्टिकलशिपला असताना क्लायंटला फोन करण्याआधी मी पहिलं वाक्य डायरीत लिहून ठेवायची. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच. उलट वर्षभर तिला ऑनलाइन पब्लिक स्पीकिंगच्या क्लासला बसवलंय.

१९७६चा 'छोटी सी बात' आठवतो ना? आमच्या घरी तो वर्षातून एकदा लागायचाच. बुजरा अमोल पालेकर खंडाळ्याला कर्नल अशोककुमारकडे जातो, तिथून तरबेज होऊन परततो आणि विद्या सिन्हा त्याला मिळते. मी इतकी वर्षं तो क्लासची जाहिरात असल्यासारखाच बघितला. पण नीट आठवा, खंडाळ्याला जायच्या आधीच तिला तो आवडत असतो. बसस्टॉपवर मागे घुटमळणारा, वाक्य अर्धवट सोडणारा तोच. कर्नल नसता तरी गाडी पुढे गेली असती का, कुणास ठाऊक. पण मी मात्र घरात कर्नल होऊन बसले होते.

सकाळी तिला सांगितलं की कागद वाचला. चिडली. बरोबरच होतं तिचं. मग मी डायरीचं सांगितलं. गप्प राहिली, आणि थोड्या वेळाने, "आणि बाबा?"

बाबा तर माझ्याहून बुजरे. कांदेपोह्यांनंतर आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं होतं. दहा मिनिटं शांतता. मग त्यांनी टाकीकडे बघून विचारलं, "वर पाणी चढवायला किती हॉर्सपॉवरचा पंप आहे?" मी म्हटलं, "बाबांना विचारून सांगते." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच तेवढ्यासाठी फोन केला.

लेक एवढ्या मोठ्याने हसली की स्वयंपाकघरातून दोघीजणी डोकावल्या. दुपारी पुन्हा कुणीतरी "ही बोलत नाही का गं?" विचारलं. मी म्हटलं, "वाचतेय ती," आणि पापड तळत राहिले. क्लासची पुढची फी भरायची की नाही, हे तिच्यावर सोपवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.

आता तुम्हाला एक विचारायचंय. मराठीत बुजऱ्या मुलीची अशी प्रेमकथा, पंधरा वर्षांच्या मुलीला देण्यासारखी, कुठली आहे? मिलिंद बोकिलांची 'शाळा' माझ्याकडे आहे, आम्ही रोज दोन पानं मोठ्याने वाचायला घेतलीय. पण ती सगळी मुकुंदच्या तोंडून येते. शिरोडकरला काय वाटत होतं ते लेकीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, आणि मला सांगता आलं नाही.