नोटीस लागली का?

आमच्या विभागात जिन्याखाली एक नोटीस बोर्ड होता. हिरवी बनात, पुढे काचेचं दार, दाराला चिमुकलं कुलूप आणि किल्ली शिपाईमामांच्या खिशात. तासांचं वेळापत्रक, बदललेली खोली, जर्नल तपासून घ्यायची शेवटची तारीख, परीक्षेचा फॉर्म, सगळं त्या काचेआड टाचण्यांनी टोचलेलं असायचं. सायक्लोस्टाइलची शाई कधी इतकी फिकट, की सात आहे की एक यावर आमच्यात वाद व्हायचे. कॉलेजात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "काय रे, नोटीस लागली का?"

ऐंशीच्या दशकाचा शेवट. पुण्यात मानसशास्त्रात एम. ए. करत होतो आणि 'कॉग्निटिव्ह' हा शब्द आमच्या तोंडी नुकताच रुळू लागला होता. अल्रिक नायसर यांचं १९६७ सालचं पुस्तक या विषयाचं आद्य पाठ्यपुस्तक. ते ग्रंथालयात बसूनच वाचायचं. त्यासाठी नंबर लावावा लागे आणि नंबरांची यादीही अर्थात बोर्डावर.

महत्त्वाचं काही असेल तर मामा चालू तासाला रजिस्टर घेऊन दारात उभे राहायचे. सर हातातला खडू ठेवायचे, "सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की" पासून शेवटपर्यंत एका सुरात वाचायचे, सही करायचे आणि मामा पुढच्या वर्गाकडे वळायचे. आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर तारीख उतरवून घ्यायचो. ते शेवटचं पान म्हणजे आमचं पंचांगच होतं. गैरहजर असलेल्यांना कँटीनमध्ये कळे. तिथवर बातमीत थोडी भरही पडलेली असे.

प्रात्यक्षिकांच्या नोटिशीत एक ओळ हमखास असायची: 'प्रयोज्य स्वतः आणावा.' प्रयोज्य म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस. ती ओळ वाचली, की मावसभाऊ, शेजारची वहिनी, होस्टेलवरचा रूममेट यांची मनधरणी सुरू. त्यांना बसवायचं मेमरी ड्रमसमोर. आत संथपणे फिरणारं नळकांडं, पुढे एक अरुंद फट, आणि दर दोनतीन सेकंदांनी फटीत उमटणारे 'झुबेत', 'गलूख' असले बिनअर्थाचे शब्द. असल्या शब्दांचा खटाटोप जर्मनीतल्या हर्मान एबिंगहाउस यांनी सुरू केला. १८८५ साली त्यांनी विस्मरणाचा आलेख मांडला आणि त्या प्रयोगांत प्रयोज्य ते स्वतःच होते. आमच्यासारखी कुणाची मनधरणी करायची वेळ त्यांच्यावर आली नाही. ज्यानं नोटीस वाचलेली नसायची, तो परीक्षेच्या दिवशी फाटकापाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "पंधरा मिनिटं वेळ आहे का?" असं विचारत असायचा.

आता मी त्याच विषयाचा थोडा विस्तारलेला अवतार शिकवतो. मेंदूविज्ञान, भाषाविज्ञान, संगणकशास्त्र, तत्त्वज्ञान अशी सगळी भावंडं आता एका छपराखाली आली आहेत. नोटिशींना मात्र छप्पर उरलेलं नाही. वर्गाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ज्यात मी आहे. दुसरा, ज्यात मी नाही आणि खरी बोलणी तिथेच होतात. प्रोजेक्टचा वेगळा, ऐच्छिक विषयाचा वेगळा. त्याशिवाय गूगल क्लासरूम, ईमेल आणि कॉलेजचं स्वतःचं अ‍ॅप. रात्री अकराला 'नोटीस फायनल रिवाइज्ड २' नावाची पीडीएफ येऊन पडते, तिच्यावर अंगठ्यांची रांग लागते, आणि शेवटचा अंगठा उमटतो न उमटतो तोच खाली प्रश्न: "सर, सबमिशन कधी आहे?"

यावर 'हल्लीची मुलं' म्हणून उसासा टाकणं सोपं आहे. पण आम्ही जे शिकवतो तेच या मुलांच्या बाजूनं साक्ष देतं. १९७८च्या नोव्हेंबरात बीबीसीनं आपल्या रेडिओ केंद्रांच्या लहरी बदलल्या. आधी कित्येक आठवडे जाहिराती, घोषणा, गाणी यांचा नुसता मारा चालला होता. बेकेरियन आणि बॅडली या दोघांनी केंब्रिजच्या श्रोत्यांना विचारलं. त्यांच्या हिशेबानं प्रत्येकाच्या कानांवरून ही माहिती हजाराहून जास्त वेळा गेली होती. बदलाची तारीख बहुतेकांना ठाऊक होती, पण नव्या लहरींचे आकडे विचारल्यावर बहुतेकांनी हात टेकले. त्याच सुमारास, १९७९ साली, निकर्सन आणि अ‍ॅडम्स यांनी अमेरिकी माणसांना रोजच्या वापरातलं एका सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं. चेहरा कुठल्या बाजूला वळलेला आहे, कोणती अक्षरं कुठे आहेत, हे बहुतेकांना धड जमेना. हजारदा समोर आलेली गोष्ट मनात उतरलेली असतेच असं नाही, हे आम्ही पन्नास मिनिटं तळमळीनं शिकवतो आणि तास संपला की तीच पीडीएफ चौथ्यांदा फॉरवर्ड करतो. माहितीचा सुकाळ झाला की अवधानाचा दुष्काळ पडतो, असं हर्बर्ट सायमन १९७१ सालीच सांगून गेले. तेव्हा तर आमच्या बोर्डाची बनातसुद्धा नवी असेल.

बोर्डाचं एक बरं होतं: त्याच्याकडे चालत जावं लागे. आपण होऊन गेलो, वाचलं, हातानं लिहिलं. एवढे सोपस्कार झाल्यावर तारीख सहसा विसरायची नाही. शिवाय तो एकच होता. जे तिथे नाही ते ठरलेलंच नाही, ही खात्री होती. आज मुलगा नोटीस शोधत नाही, कारण नोटीसच त्याच्या मागे लागलेली असते, मित्राच्या वाढदिवसाच्या केकच्या आणि क्रिकेटच्या स्कोअरच्या गर्दीतून.

तरीही तो काळ परत यावा असं मला मुळीच वाटत नाही. आमच्या वर्गात सासवडहून एसटीनं येणारी एक मुलगी होती. शनिवारी दुपारी नोटीस लागायची की सोमवारचं प्रात्यक्षिक सकाळी आठला. पुण्यातली मुलं ती संध्याकाळी वाचून जायची आणि ही बिचारी सोमवारी दहाला, प्रयोज्य म्हणून धाकट्या भावाला घेऊन, बंद प्रयोगशाळेसमोर उभी. "नोटीस लावली होती" एवढं म्हटलं की विभागाचं काम संपलं. आज तिला तो बदल घरबसल्या त्याच मिनिटाला कळला असता. बाहेरगावच्या, नोकरी करून शिकणाऱ्या, आजारी पडलेल्या मुलांवर मोबाइलनं केलेले उपकार आपण स्मरणरंजनाच्या भरात विसरू नयेत. "लावली होती"च्या जागी "टाकली होती" आलं, एवढंच. एक गोष्ट मात्र बदलली नाही: कळवणारा आजही कळवून मोकळा होतो.

मी सध्या फळ्याचा उजवा वरचा कोपरा राखून ठेवतो. पुढच्या दोन आठवड्यांच्या तारखा तिथेच, खडूनं. मुलं फोटो काढतात, काढू देत. पण पुढच्या तासाला फळा कोरा ठेवून विचारतो, "निबंध कधी द्यायचा आहे? प्रयोगशाळा किती वाजता?" पाहून उत्तर द्यायचं नाही. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहिल्यानं जास्त दिवस टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवरच्याच प्रयोगांतून दाखवलं. माझ्या वर्गातल्या फोनांना ते लागू नसेल, डोक्यांना आहे. बदल झालाच तर तो एकाच ग्रुपवर जातो, दिवसाउजेडी.

माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती आहे. सूचनेची जागा एकच ठेवा, सत्राच्या पहिल्या दिवशी ती सांगा आणि मग मोडू नका. आणि रात्री अकराला पीडीएफ टाकायची तर निदान फाइलच्या नावातच तारीख घाला.