आवाज येतो कुठून?

नॅशव्हिलचे गिटारवादक जिम लिल यांचा २०२१ सालचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. इलेक्ट्रिक गिटारचा टोन कशातून येतो, एवढाच त्यांचा प्रश्न. लाकडातून, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलंय. अ‍ॅश, अल्डर, महोगनी, त्यातही जुनं, मुरलेलं. लिल गिटारमधली एकेक गोष्ट बदलत किंवा काढत जातात आणि पुन्हा वाजवून दाखवतात. शेवटी गिटारला अंग उरत नाही, गळाही नाही. वर्कशॉपमधल्या सामानाच्या आधाराने हवेत ताणलेल्या तारा आणि त्यांच्याखाली नेमक्या अंतरावर बसवलेला पिकअप, बस्स. तरी आवाज त्यांच्या महागड्या गिटारसारखाच येतो. मी डोळे मिटून ऐकलं. मला फरक सांगता येत नाही.

निष्कर्षाइतकीच मला त्यांची शिस्त आवडते. पिकअपची तारेपासूनची उंची मोजायची, ब्रिजपासूनचं अंतर मोजायचं, अ‍ॅम्पला हात लावायचा नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बोलणं कमी, ऐकवणं जास्त.

*

पिकअप हा मायक्रोफोन नव्हे. चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. नायलॉनची तार लावली तर काहीच उमटणार नाही. गिटार छातीशी धरल्यावर लाकूड कंप पावताना जाणवतं, तो अनुभव खरा आहे आणि वादकाला त्याने हुरूपही येतो. पण केबलमधून पुढे जाते ती तारेची हालचाल.

विक्रीत यश मिळालेल्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकूड नव्हतंच, हे या वादात क्वचितच कोणी आठवतं. जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ साली बाजारात आणलेली ती गिटार ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. गोल अंग आणि लांब दांडा बघून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी दांडी सरकवत ती वाजवायची.

*

फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ सालची. तीन पिकअप आणि निवडायला तीन जागांचं बटण. वादकांनी ते बटण दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकदम वाजवायला सुरुवात केली. कंपनीने पाच जागांचं बटण दिलं ते १९७७ साली.

*

अ‍ॅम्पबद्दल लिहायचं तर बरंच आहे. माझ्या मते इलेक्ट्रिक गिटारचं अर्धं वाद्य तिथे असतं, आणि नवशिक्या मुलांचे पैसे नेमके उलट्या प्रमाणात खर्च होतात: गिटारवर सगळे, अ‍ॅम्पवर उरलेसुरले.

लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्यांचं दुकान होतं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण वादकांचं म्हणणं ते मन लावून ऐकत. त्यांनी बास गिटारसाठी ‘बासमन’ नावाचा अ‍ॅम्प काढला. तो साध्या गिटारवाल्यांनीच उचलून धरला.

तिकडे पश्चिम लंडनमध्ये, हॅनवेलला, जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. ड्रमर आपल्याबरोबर गिटारवाल्या मित्रांना घेऊन येत, आणि त्यांना हवे तसे अ‍ॅम्प इंग्लंडात मिळत नव्हते किंवा परवडत नव्हते. मार्शल यांच्या माणसांनी बासमनचं सर्किट समोर ठेवलं आणि इंग्लंडात मिळणारे भाग वापरून १९६२ साली ‘जेटीएम ४५’ बनवला. आराखडा जवळजवळ तोच, पण पहिला व्हॉल्व्ह वेगळा, सिग्नल जास्त वाढवणारा. बासमनच्या उघड्या पाठीच्या पेटीत दहा इंची चार स्पीकर असत, मार्शलने बंद पेटीत बारा इंची चार बसवले. तेवढ्या बदलांनी आवाज जाड झाला, लवकर फाटू लागला, आणि पुढच्या दहा वर्षांचं रॉक संगीत त्यावर उभं राहिलं.

पुस्तकात हे वाचून फारसं काही हाती लागत नाही. कोणीतरी दोन्ही अ‍ॅम्प शेजारी ठेवतो, त्याच गिटारवर, त्याच हाताने तीच चार सुरांची ओळ वाजवतो, आणि इतिहास कानाने कळतो. पूर्वी असं ऐकायला लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या दुकानात उभं राहावं लागलं असतं. आज सोलापूरचा मुलगा हेडफोन लावून तेच ऐकतो.

*

‘फाटलेला’ आवाज. आधी तो दोष होता.

१९६१ साली मार्टी रॉबिन्स यांचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं आलं. नॅशव्हिलच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाच्या वेळी मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बासचा आवाज करवतीसारखा झाला. तो तसाच ठेवला गेला. अभियंता ग्लेन स्नॉडी यांनी मग त्या बिघाडाची नक्कल करणारं सर्किट मुद्दाम बनवलं. ते १९६२ साली ‘मेस्ट्रो फझ टोन’ या पेडलच्या रूपात विक्रीला आलं, आणि १९६५ साली कीथ रिचर्ड्स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वापरलं. मधल्या काळात, १९६४ साली, ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिस यांनी छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरून तोच परिणाम मिळवला होता.

तांत्रिक भाषेत सांगायचं तर व्हॉल्व्हला पेलवेल त्याहून मोठा सिग्नल आला की लहरींचे शेंडे कापले जातात आणि मूळ सुरावर नवे उपसूर चढतात. आपल्या कानांना ही गोष्ट परकी असायचं कारण नाही. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडीचा माथा तासून तेच तर साधतात: तार घोडीला किंचित घासत राहावी आणि एका सुरातून उपसुरांचा झोत निघावा. साधनं निराळी, भौतिकशास्त्रही पुष्कळ निराळं, पण हव्यास एकच. इलेक्ट्रिक गिटारला ‘गोंगाट’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या रसिकांनी एकदा या बाजूने ऐकून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

*

दुरुस्तीचे व्हिडिओ. अमेरिकेतले ‘अंकल डग’ जुने अ‍ॅम्प उघडून बसतात, सर्किटचा नकाशा समोर ठेवतात आणि वीज कुठून कुठे जाते ते शिकवणीच्या संथपणाने सांगतात. माझ्या दृष्टीने हा या साऱ्यातला सर्वांत उपयोगी प्रकार. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये चारशे व्होल्टच्या वर दाब असू शकतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो. म्हणून जाणकार एक हात खिशात ठेवून काम करतात, म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीवाटे दुसऱ्या हातात जाणार नाही. कपॅसिटर रिकामे करून मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नये. हे सांगायचं राहिलेला दुरुस्तीचा व्हिडिओ मी कोणालाही पाठवत नाही.

‘व्हॉक्स एसी ३०’ या अ‍ॅम्पमध्ये ईएल ८४ नावाचे चार व्हॉल्व्ह असतात. बीटल्सचा सुरुवातीचा झणझणीत आवाज त्या अ‍ॅम्पचा. हाच व्हॉल्व्ह त्या काळच्या घरगुती रेडिओंतही असे. आपल्याकडे व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची पिढी होती, त्यांच्या हातात हे ज्ञान होतं. त्यांचं काम कोणी चित्रित करून ठेवलं नाही याची हळहळ वाटते.

*

ऐकताना पाळायच्या दोन गोष्टी.

एक, आवाजाची पातळी. दोन अ‍ॅम्पपैकी जो जरासा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. कमी आवाजात आपल्या कानांना खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिलंय. पातळी सारखी न करता केलेली तुलना निरुपयोगी.

दोन, माइकची जागा. व्हिडिओत पोचतो तो स्पीकरसमोरच्या माइकचा आवाज, बहुधा शुअर एसएम ५७, १९६५ पासून चालत आलेला. तो स्पीकरच्या मध्यावर रोखला तर आवाज तिखट, कडेला सरकवला तर मऊ. दोन बोटांचं अंतर कित्येकदा नव्या पेडलपेक्षा जास्त फरक करतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

म्हणूनच अ‍ॅम्पची नावं झाकून आधी ऐकवणारे आणि मग उलगडा करणारे लोक मला आवडतात.

*

‘कॅनन रॉक’चा व्हिडिओ आठवतो. टोपी डोळ्यांवर ओढलेला मुलगा, मागे खिडकीचा उजेड, चेहरा दिसतच नाही. तैवानच्या जेरी सी यांनी पाखेलबेलच्या ‘कॅनन’ची इलेक्ट्रिक गिटारसाठी बांधणी केली होती. ती या कोरियन मुलाने वाजवली आणि २००५च्या अखेरीस तो व्हिडिओ यूट्यूबवर आला. लिम जोंग ह्यून हे त्याचं नाव ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ऑगस्ट २००६मध्ये छापलं. तोवर जगभरच्या मुलांनी आपापल्या खोलीत तीच रचना वाजवून टाकायला सुरुवात केली होती. जर्मन रचना, तैवानी बांधणी, कोरियन हात. कोणी कोणाची परवानगी मागितली नाही, आणि प्रत्येकाने आधीच्याचं ऐकून थोडं पुढे नेलं. घराण्यात गुरूसमोर बसून होतं ते इथे झालं नाही, पण पुन्हा पुन्हा ऐकून हातात उतरवणं मात्र झालं.

*

भारतात इलेक्ट्रिक गिटार घरोघर पोचली ती आडवी. व्हॅन शिपली, सुनील गांगुली यांनी हवाईयन पद्धतीने वाजवलेल्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या आणि कॅसेटी. त्यातलं बरंच आता लोकांनी आपापल्या संग्रहातून यूट्यूबवर चढवलंय. पण वाद्य कुठलं, अ‍ॅम्प कुठला, याबद्दल बहुधा एक शब्द नसतो.

*

आणि आपला बेंजो. मुंबईत, कोकणात, गणपतीच्या मिरवणुकीत आणि हळदीला वाजतो तो. मूळचा बुलबुल तरंग: टंकयंत्रासारखी बटणं, पोलादी तारा. त्याला पिकअप बसवला, अ‍ॅम्प जोडला, गाडीवर स्पीकर आणि भोंगे चढवले, आणि ढोल-ताशांवर मात करणारा आवाज तयार झाला. रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बेंजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, पण वाद्याच्या आत काय आहे हे सांगणं चित्रपटाचं काम नव्हे.

हे अस्सल इलेक्ट्रिक तंतुवाद्य आहे. त्याचे वादक मोबाइलवर भरपूर व्हिडिओ टाकतात, बोटांची चपळाई थक्क करते, आणि खाली ‘एक नंबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागते. पण पिकअपला वेढे किती, तो तारेपासून किती उंचीवर बसवायचा, भोंग्यातून आवाज काढला की खर्जाचं काय होतं, कागदी स्पीकर लावला तर काय बदलतं, मिरवणुकीत एको किती ठेवतात आणि का, हे कोणी दाखवत नाही. लालबाग-परळच्या आणि कोळीवाड्यांच्या वादकांना हे सगळं हाताने ठाऊक आहे. त्यांच्यापैकी कोणीतरी एक बेंजो उघडून, एका वेळी एकच गोष्ट बदलत, तीच चार सुरांची ओळ वाजवून दाखवावी. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ पुरे. मराठीतच असावा.