विकायचं नाही

कोऱ्या कागदाच्या घड्या घालून आठ घरं पाडायची, मधल्या घडीवर दोन घरांपुरती चीर द्यायची आणि पुन्हा दुमडायचं. झालं आठ पानांचं पुस्तक! ना डिंक, ना दोरा. याला म्हणे झीन म्हणतात. ‘फॅनझीन’ हा शब्द अमेरिकेत १९४० साली विज्ञानकथांच्या वेडापायी निघाला. आपल्याकडे शाळेत हस्तलिखितं निघायचीच की. प्रत एकच, हातोहात फिरून कडा मऊ झालेली.

माझ्या चित्रकथेत बेळगावच्या बाजारातल्या दोघी कोथिंबिरीवरून भांडतात. एक कन्नडमधून, दुसरी मराठीतून, आणि एकमेकींचा शब्दन् शब्द दोघींना कळतो. मुखपृष्ठ जुन्या लग्नपत्रिकेचं.

जाऊबाई विचारतात, “विकतेस का गं? किती सुटतात?” विचारतात त्या मायेनंच. पण मला आई आठवते. तिनं जन्मभर विणलं, भरलं, ते कुणाच्या रुखवतासाठी, कुणाच्या बारशासाठी. लोकांनी वाखाणलंही. पण स्वतःसाठी तिनं साधा रुमाल कधी भरला नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जाऊबाईंना मी एवढंच म्हणते, “वाचून परत द्या हं, एकच आहे.”