दोन दारें, तीन पाहुणे

आमच्या टेलिव्हिजनच्या पाठीशीं एचडीएमआयचीं दारें दोनच. एक सेट-टॉप बॉक्सनें अडविलेलें, दुसरें चिरंजीवांच्या खेळाच्या यंत्रानें. अशांत वडिलांना कमी ऐकूं येऊं लागलें, म्हणून आम्हीं साउंडबार आणला. त्याची तार ‘एआरसी’ असें लिहिलेल्या दारांतच बसवावयाची. २००९ सालीं निघालेल्या या सोयीनें टेलिव्हिजनचा आवाज त्याच वाटेनें उलट बाहेर येतो. म्हणजे आधींच्या दोघांपैकीं एकाला बाहेर पडणें प्राप्त! बॉक्स काढावा तर मालिका बुडतात, खेळ काढावा तर चिरंजीव रुसतात. घरांत दोन दिवस धुसफूस चालली.

तिसऱ्या दिवशीं वडील हलकेच म्हणाले, “माझेंच काढून ठेव रे. चित्र दिसतें, तेवढें पुरे.”

आम्ही ओशाळलों. विजेरी घेऊन पुन्हा यंत्रामागें वाकलों, तों कोपऱ्यांत झांकण असलेलें एक चिमुकलें भोंक दिसलें. तें ऑप्टिकलचें, तेथून आवाज प्रकाशरूपानें बारीक तंतूंतून जातो. दोन-तीनशें रुपयांची तार आणून जोडली, सेटिंगमध्यें आवाजाची वाट बदलली, आणि एकहि पाहुणा न उठवितां तिघांची सोय झाली.

आतां बातम्या ऐकतांना वडील मधूनच मान डोलावतात. तें भोंक पहिल्या दिवसापासून तेथेंच होतें. वाकून पाहिलें नव्हतें तें आम्हींच.