फळ्यावरची थंडी

रसायनशास्त्राच्या तासाला जे माझ्यासमोर बसले, त्यांना अर्हेनियसचे समीकरण आठवत असेल. निदान ते लिहिताना माझा खडू हमखास मोडायचा, हे तरी आठवत असेलच! तापमान घटले की रासायनिक क्रियेचा वेग घटतो, हे वाक्य बेळगावच्या वर्गात मी ३० वर्षे सांगितले. त्याचा अर्थ मात्र मला निवृत्तीनंतर कळला, आणि तोही नॉर्वेत, उणे १८ अंशांत.

माझी लेक ओस्लोला असते. तिची मोटार विजेवर चालणारी. तिकडे त्याचे कुणाला नवल नाही. २०२४ साली त्या देशात विकल्या गेलेल्या दर १०० नव्या मोटारींत जवळजवळ ८९ विजेच्या होत्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिला मुलाखतीसाठी ट्रोंडहाइमला जायचे होते. अंतर सुमारे ५०० किलोमीटर, आणि वाटेत डोव्ह्रेफ्येलचा १,००० मीटरांहून उंच डोंगरमाथा. आदल्या रात्री तिने गाडी घरच्या चार्जरला जोडली, पहाटेची वेळ लावली आणि ती झोपायला गेली. मी सहज गॅरेजात डोकावलो. चार्जरचा दिवा उगाच जळत होता. रिकाम्या खोलीतला दिवा मालवणे हा आमच्या घरचा संस्कार. मी भिंतीवरचे बटन बंद केले आणि समाधानाने झोपलो.

सकाळी गाडी बर्फासारखी गार, आणि बॅटरी १०० ऐवजी ८० टक्के! "वेळ लावताना माझंच काहीतरी चुकलं," लेक पुटपुटली. मी गप्प बसलो.

रस्त्याला लागलो आणि टक्क्यांचा आकडा भराभर उतरू लागला. थंडीत आपल्याकडे बाटलीतले खोबरेल गोठते. बॅटरीतला द्रव गोठत नाही, पण दाट होतो. त्यातून वाट काढताना लिथियमचे आयन मंदावतात, आतला रोध वाढतो. शिवाय पेट्रोलच्या इंजिनाची उष्णता फुकट मिळते, तशी इथे मिळत नाही. ऊब हवी तर तीही बॅटरीतूनच घ्यायची. लेकीने आतला हीटर कमी केला आणि फक्त आसने गरम ठेवली, कारण गाडीभर हवा तापवण्यापेक्षा त्याला वीज कमी लागते. हातमोजे घालून, एकमेकांशी न बोलता आम्ही लिलेहामर गाठले.

तिथल्या चार्जरवर खरी परीक्षा झाली. थंड बॅटरीत जोराने वीज भरली, तर लिथियम ग्राफाइटच्या थरांत न शिरता वरच धातू होऊन साचते आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते. म्हणून गाडीच आपला वेग आवरते. अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागला. लेक सारखी घड्याळाकडे बघत होती. अंधार पडण्यापूर्वी डोंगर ओलांडायचा होता. वर वादळ सुटले, तर बर्फ काढणाऱ्या गाडीमागे रांगेने जावे लागते, नाहीतर रस्ता उघडेपर्यंत थांबावे लागते. अशा वेळी बॅटरीतली शिल्लक म्हणजेच अंगावरचे पांघरूण.

शेवटी मला राहवेना. "बटन मी बंद केलं होतं," मी म्हणालो.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, अर्हेनियस मला तुम्हीच शिकवला होता ना?"

रागावली असती तर बरे झाले असते.

डोंगरावर अंधाराने गाठलेच. वादळ मात्र नव्हते. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी होती, म्हणून निभावले.

परतीची तयारी मी मागून घेतली. रात्रभर गाडी जोडून ठेवली. १०० टक्के भरणे अगदी निघण्याच्या वेळी संपेल, असे बेतले. प्लग काढण्यापूर्वी भिंतीतल्या विजेवर बॅटरी आणि बैठक दोन्ही तापवून घेतल्या. थंडीने चाकांतली हवा उतरते, दर १० अंशांना सुमारे दीड पौंड, ती भरली. पुढचा चार्जर गाडीच्या नकाशावर आधीच नोंदवला, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत गाडी स्वतःच बॅटरी गरम करते. आणि २० टक्क्यांच्या खाली जायचे नाही, असे ठरवले. या वेळी लिलेहामरला अर्धा तास पुरला.

थंडीच्या सकाळी माझी जुनी स्कूटर तिरकी करून, चोक ओढून मी तिची मनधरणी करत असे. तेव्हा ते मला उधळपट्टी वाटले नव्हते. मग त्या चार्जरच्या दिव्यानेच माझे काय बिघडवले होते?

बरोबर उत्तराला मी जन्मभर गुण देत आलो. त्या रात्रीच्या पेपराला मला किती गुण मिळाले, ते लेकीने अजून सांगितलेले नाही.