पगाराविना पंधरवडा

फौजी माणसाच्या बायकोला वाट पाहण्याची सवय असते. पत्राची, रजेची, बदलीच्या हुकमाची. माझे यजमान लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी या सगळ्याची वाट पाहिली, पण सरकारकडे पगाराला पैसे नाहीत, असं कधी ऐकलं नाही. मनिऑर्डर दोन दिवस मागेपुढे व्हायची, इतकंच. म्हणूनच २०२५ च्या सप्टेंबरात मी धाकट्या लेकीकडे अमेरिकेत गेले आणि ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "आई, पंधरा तारखेचा पगार बहुधा यायचा नाही," तेव्हा मला वाटलं, जावयांची नोकरीच गेली!

जावई तिथल्या नौदलात आहेत. घर व्हर्जिनियातल्या नॉरफोकला, नाविक तळाजवळ. ते तेव्हा जहाजावर होते. घरी लेक, सहा वर्षांची नात आणि अकरा महिन्यांचा नातू. नातू झाल्यापासून लेकीची नोकरी सुटलेली, म्हणजे घर एकाच पगारावर.

तुम्ही म्हणाल, एवढं श्रीमंत सरकार बंद कसं पडेल? मलाही हे जरा उशिराच उमगलं. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर त्यांच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, खर्चाला मंजुरी दिली नाही, तर सरकारला तिजोरीला हात लावता येत नाही. आपल्याकडे अंदाजपत्रक लांबलं तर लेखानुदान घेतात, आणि लोकसभेने पैसेच नाकारले तर सरकार पडतं. तिथे सरकार पडत नाही, नुसतं बंद पडतं. कचेऱ्यांतले बरेच लोक घरी बसतात. सैनिकाला मात्र घरी बसायची सोय नाही. त्याने पहाऱ्यावर जायचं, जहाज चालवायचं, आणि पगार काँग्रेसचं भांडण मिटेल तेव्हा घ्यायचा.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. २०१३ साली सरकार बंद पडण्याच्या आदल्या दिवशी सैनिकांच्या पगाराचा वेगळा कायदा झाला आणि ते बचावले. २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या पस्तीस दिवसांच्या बंदमध्ये लष्कर-नौदलाचे पैसे आधीच मंजूर होते, पण तटरक्षक दल पडलं दुसऱ्या खात्याकडे. १५ जानेवारी २०१९ ला त्यांचा पगार आलाच नाही. लेकीच्या शेजारणीचे यजमान तेव्हा तटरक्षक दलात होते. त्या वेळी दलाच्या एका पत्रकात कुटुंबांना सल्ले दिले होते: घरातल्या जुन्या वस्तू विका, लोकांची मुलं सांभाळा, कुत्री फिरवून आणा. वर्तमानपत्रात बोभाटा झाल्यावर ते पत्रक मागे घेतलं म्हणे. ते सांगताना शेजारीण हसत होती, पण त्या महिन्यात तिने गाडीचा हप्ता कसा भरला, हे सांगताना हसली नाही.

लेकीने हे सगळं ऐकून ठेवलं होतं. ऑगस्टातच एका रविवारी मुलं झोपल्यावर तिने बँकेचे तीन महिन्यांचे हिशोब काढले आणि वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात जे थांबलं तर घर थांबेल ते: भाडं, वीज, गाडीचा हप्ता, विमा. (तिथे गाडी म्हणजे चैन नव्हे. दूध आणायलाही गाडीच लागते.) दुसऱ्यात महिनाभर थांबू शकेल ते. तिसऱ्यात बंदच करता येईल ते. तिसरा रकाना सगळ्यांत लांब निघाला, आणि मला वाटतं तो कोणत्याही घरात तसाच निघेल.

खरी मेख मात्र तारखांची होती. तिथल्या सैनिकाचा पगार महिन्यातून दोनदा होतो, १ तारखेला आणि १५ तारखेला. हप्ते खात्यातून आपोआप कापले जातात. पगार नाही आला तरी कापणारा कापायला येतोच, आणि खात्यात पैसे नसले तर वर दंड. म्हणून तिने प्रत्येक ठिकाणी आधीच फोन केले. गाडीच्या कर्जवाल्यांनी हप्ता पंधरा दिवस पुढे ढकलला. घरमालकाला तिने स्वच्छ पत्र लिहिलं: पगार थांबला तर अर्धं भाडं वेळेवर देईन, अर्धं पगार येताच देईन. तिच्या पतपेढीत अशा वेळी सैनिकांना बिनव्याजी कर्ज मिळतं आणि पगार आला की ते परस्पर वळतं होतं. पण त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं. तिने नोंदवलं.

मला हे पटेना. "लोकांना का सांगत सुटलीस? माझ्या पाटल्या आहेत की." आपल्याकडे अडचण झाकून ठेवण्यालाच अब्रू म्हणतात. लेक शांतपणे म्हणाली, "आई, हप्ता चुकल्यावर फोन केला तर ती याचना. चुकण्याआधी केला तर तो व्यवहार. पाटल्या राहू देत." तिथे १९०४ पासून नौदलाच्या कुटुंबांसाठी नेव्ही-मरीन कोअर रिलीफ सोसायटी नावाची संस्था आहे. अडल्यानडल्याला ती बिनव्याजी कर्ज किंवा मदत देते. तिचा पत्ताही वहीत होता. हात पसरायला कुठे जायचं, हे लिहून ठेवण्यात लेकीला काही कमीपणा वाटत नव्हता.

सगळ्यांत मोलाचा कागद मात्र निराळाच होता. जहाजावर जाण्यापूर्वी जावयांनी तिच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं होतं. तळावरच्या कायदा विभागात ते विनामूल्य होतं. गाडीचं कर्ज जावयांच्या नावावर, आणि ते भर समुद्रात. तो कागद नसता तर कर्जवाल्यांनी तिच्याशी बोलणंही नाकारलं असतं. आमच्या वेळी यजमान सीमेवर असताना बँकेत सही जुळत नाही म्हणून मला परत पाठवलं होतं, ते आठवलं.

किराणा तिने दोन आठवड्यांचाच भरला: डाळ-तांदूळ, बाळाची दुधाची पावडर, लंगोट. तळावर आपल्या मिलिटरी कँटीनसारखं स्वस्त दुकान असतं. २०१३ मध्ये अमेरिकेतली ही दुकानं काही दिवस बंद राहिली होती, म्हणून एवढं. जास्त मात्र नाही. घाबरून भरलेला किराणा शेवटी कार्डावरचं कर्जच होतो, असं तिचं म्हणणं.

१ ऑक्टोबरला सरकार बंद पडलं. ११ तारखेला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीर केलं की, कसेही करून सैनिकांचा पगार द्या. संशोधनासाठी ठेवलेले पैसे वळवून १५ तारखेचा पगार झाला. त्या सकाळी लेकीने खातं पाहिलं आणि काही न बोलता चहा टाकला. महिनाअखेरचा पगारही इकडचे तिकडचे पैसे जमवून झाला. पण दोन घरं पलीकडे नवरा नाविक आणि बायको सरकारी कचेरीत नागरी नोकर. तिला बसवून ठेवलेलं, पगार नाही. मागाहून सगळा पगार देण्याचा कायदा २०१९ मध्येच झाला आहे, पण दुधाच्या बाटलीला मागाहून म्हणून भागत नाही. लेकीच्या वहीतली पानं उतरवून घ्यायला ती दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला थालीपीठ करून वाढलं.

१२ नोव्हेंबरच्या रात्री, त्रेचाळीस दिवसांनी, सरकार उघडलं. तोपर्यंतचा तो सर्वांत लांब बंद होता. पण बऱ्याच खात्यांना मिळालेली मंजुरी ३० जानेवारी २०२६ पर्यंतचीच. नातीने विचारलं, "आता बाबाचं ऑफिस उघडलं का?" लेक म्हणाली, "बाबाचं ऑफिस बंद झालंच नव्हतं गं."

नोव्हेंबरअखेर मी निघाले, तेव्हा वहीच्या नव्या पानावर "३० जानेवारी" असं लिहून खाली पुन्हा तीन रकाने आखलेले होते.